हळदीच्या मांडवातली परदेशी बाई

जुन्नरच्या बाजारपेठेत आमच्या ह्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याच दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन. मागं सोल्डरिंगचा धूर, पुढं ब्लाउजपीसचे ढीग. नव्वदच्या आसपासची गोष्ट. घरोघरी टीव्ही यायला लागले होते. लोक जुने रेडिओ दुरुस्तीला म्हणून आणून टाकायचे आणि परत न्यायला काही यायचे नाहीत. ह्यांना ती अडगळ टाकवत नव्हती, मला ती बघवत नव्हती. यावरून आमची रोज एकदा तरी जुंपायचीच.

त्या अडगळीतला एक सेट मी माझ्या मशीनजवळ ठेवून घेतला. शिवताना पुण्याचं स्टेशन ऐकावं एवढाच हेतू. सकाळी नळाला पाणी येऊन गेलं की मी दुकान झाडायला यायची. एकदा झाडता झाडता माझ्या पदराला लागून बँडचं बटण फिरलं. खरखर झाली, मग कुणीतरी इंग्रजीत बोललं, आणि मग एक पुरुष गायला लागला. त्याच्या एका गळ्यातून दोन आवाज निघत होते, एक खाली घुमणारा आणि एक वर शिट्टीसारखा. मी केरसुणी हातात तशीच धरून उभी राहिले.

एवढ्यात हे आले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, माझ्या हातून सेट काढून घेतला आणि स्क्रू ड्रायव्हरनं मागचं झाकण उघडलं.

"दोन स्टेशनं एकात घुसलीत," म्हणाले. "कॉइल गेलीय."

"अहो, माणूस गातोय तो."

"माणसाला एकच गळा असतो. मी वीस वर्षं रेडिओ उघडतोय, मला शिकवू नकोस."

दुपारपर्यंत त्यांनी सगळा सेट खोलून जोडला. दुसऱ्या आठवड्यात त्याच वेळेला तोच माणूस पुन्हा तसाच गायला, तेव्हा हे चहाची बशी हातात घेऊन गाणं संपेपर्यंत ऐकत उभे होते. मग म्हणाले, "लई गुणी माणूस हाय राव." चूक झाली म्हणायची आमच्याकडच्या पुरुषांची हीच पद्धत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन रेडिओपासून टेपला एक वायर जोडून दिली, म्हणजे मला गाणी भरून घेता येतील.

कोऱ्या कॅसेटी कोण विकत घेणार? गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या सिनेमाच्या कॅसेटी असायच्या. त्यांच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावली की त्यावर भरता यायचं. सकाळ-संध्याकाळ जे सापडेल ते मी भरत गेले. कुठल्या तरी वाळवंटातले उंटवाले, समुद्रात जाळं ओढणारे कोळी, भात लावणाऱ्या बाया. माझं इंग्रजी दहावीपुरतं, ते पण दोनदा बसून. निवेदक काय सांगतो त्यातलं एखाद्या देशाचं नाव कळलं तर कळलं. मग कॅसेटीवर काय लिहायचं? मी सरळ अंदाजानं लिहायला लागले. चाल ऐकायची आणि आपल्याकडं हे कधी गातील ते ठरवायचं. पाळणा. दळण. मेंढरामागचं. लग्न. लिहिताना मला कधी शंका यायची नाही. माझा स्वभावच तसा, एकदा म्हटलं की म्हटलं.

दुकानात मी दिवसभर ते लावून ठेवायची. ब्लाउज टाकायला आलेल्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. "काय गं हे, मांजरं भांडतायत का?" मग बसायच्या. मग माप देऊन झालं तरी उठायच्या नाहीत. शेजारच्या कापडाच्या दुकानातल्या मारवाडी काकी, त्यांच्या चार पिढ्या जुन्नरात गेल्या, त्या एकदा वाळवंटातलं गाणं ऐकून आतून धावत आल्या. "ही तर आमच्या मारवाडातली बाई आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, काकी, ती आफ्रिकेतली आहे. त्यांनी मानच हलवली. "असू दे. वाळूतली बाई ती वाळूतलीच." त्या कॅसेटीची मी त्यांना एक कॉपी करून दिली, आणि तिथून तो नादच लागला. कुणाला पाळणा, कुणाला मेंढराचं. मढ गावाकडं जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं तर घाटात लावायला म्हणून एक जाळं ओढणाऱ्यांची नेली.

पण ही सगळी गाणी मी खरी गोळा करत होते ती एकाच माणसासाठी. माझ्या अक्कासाठी.

अक्का माझी थोरली बहीण, मढला दिलेली. तिचा आवाज म्हणजे काय सांगू. आमच्या माहेरी कुणाच्याही घरी हळद असली की आधी तिला बोलावणं यायचं, मग भटजीला. आमच्याकडं हळद जात्यावर दळतात. पाच सवाशिणी जात्याला बसतात आणि दळताना गाणं म्हणतात. हळदीचं जातं मुकं फिरवायचं नाही, हा नियम. मुकं जातं फिरलं तर नवरीचा संसार मुका होतो म्हणतात. अक्का जात्याला बसली की तो प्रश्नच नसायचा. जागच्या जागी ओव्या रचायची. मंडपवाल्यावर रचायची, फुगून बसलेल्या व्याह्यावर रचायची.

मग तिचा नवरा गेला. काविळीनं, आठ-दहा दिवसांत. लेक तेव्हा लहान, शाळेतसुद्धा जात नव्हती. निरोप उशिरा मिळाला, मी एसटीनं पोचले तोवर माती होऊन गेली होती. अक्का भिंतीला टेकून बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लेकीला जवळ ओढून घेतलं. त्या दिवसापासून ती कधी गायली नाही. हळदीच्या मांडवात विधवेला जागा नसतेच, पण अक्का तर शेतात गाईना, भात लावताना गाईना, एकटी असतानासुद्धा गाईना. मी मनात सगळं खापर तिच्या थोरल्या जावेवर फोडलं होतं. जाऊबाई रीतीभातीच्या कडक. कुंकवाचा करंडा कुठं ठेवायचा इथपासून त्यांचा शब्द चालायचा. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही.

मी महिन्या-दोन महिन्यांनी मढला जायची, पिशवीत टेप आणि कॅसेटी. अक्का भाकरी थापत ऐकायची. एखादं गाणं आवडलं की थापायची थांबायची. "ही बाई बसून गात न्हाई," म्हणायची. "चालतीया. दम लागलाय बघ तिला." एवढंच. मी वाट बघायची, की आता हिच्या ओठांवर काही येईल. आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचा रागसुद्धा यायचा. देवानं दिलेला गळा कुणी असा बंद करून ठेवतं का?

असं करत बारा-तेरा वर्षं गेली. लेकीचं लग्न ठरलं. लेक आईवर गेलेली, बोलायला कमी, पण एकदा ठरवलं की हलायची नाही. लग्नाच्या महिनाभर आधी ती ब्लाउज शिवायला म्हणून दुकानात आली आणि मला म्हणाली, "मावशी, आईनं माझ्या हळदीला गायलं पाहिजे. एवढंच कर. बाकी मला काय नको."

"तिला तूच का नाही विचारत?"

"विचारलं. ती उठून गोठ्यात गेली."

मी मढला जाऊन अक्काला हात जोडले, रागावले, शेवटी रडले. ती म्हणाली, "मला त्यात वढू नको. लगीन नीट व्हऊ दे." मग मी जाऊबाईंकडं गेले. आता भांडायचंच, अशी तयारी करून गेले होते. तर त्या म्हणाल्या, "मी कुठं अडीवलंय? मांडवाच्या भायेर बसून म्हण म्हनलं तिला. ती हू की चू करंना." मला ते खरं वाटलं नाही.

मग जात्यावर गाणार कोण? अक्काच्या पिढीतल्या दोघी-तिघी होत्या, एकीचा घसा बसलेला, दुसरीला चालच आठवेना. पोरींना येत होती ती सगळी टीव्हीवरची. जाऊबाई म्हणाल्या, "शिनेमातलं एक अक्षर मांडवात नको." मग मीच बोलून बसले, "माझ्याकडं लग्नाच्या गाण्याची कॅसेट आहे. परदेशातली, पण असली लग्नातली. बाया गातात. जातं मुकं नाही राहणार." जाऊबाईंनी विचार केला. "बायाच हायत ना? देवाधर्माच्या इरुद्ध काय न्हाई ना? मग चालंल."

हळदीच्या दिवशी सकाळपासून जाऊबाईंचं सुरू होतं, आवरा, आवरा, हळद लागायची वेळ टळंल. अंगणात मांडव, मधे जातं, त्याला आंब्याचा डहाळा आणि हळकुंड बांधलेलं. पाच जणी बसल्या. लेक पाटावर. आई-बापाच्या जागी जोडपं म्हणून लेकीचे चुलता-चुलती पुढं, म्हणजे जाऊबाई आणि त्यांचे मालक. अक्का आत चुलीपाशी. ती दाराच्या बाहेर आलीच नव्हती. लेक सारखी त्या दाराकडं बघत होती. मला ते बघवेना. मी कॅसेट लावली.

गाणं खरंच सुंदर होतं. कुठल्या तरी डोंगराळ देशातलं. देशाचं नाव भरतानाच खरखरीत गेलं होतं. एक बाई सुरुवात करायची, ओळीच्या शेवटाला बाकीच्या चार-पाच जणी आवाज मिळवायच्या. मागं भांड्यांचा आवाज, माणसांचं बोलणं. एक म्हणते आणि बाकीच्या झेलतात, म्हणजे लग्नच, असं मी ठरवलं होतं आणि कॅसेटीवर तसं लिहिलं होतं. सवाशिणींनी खुंटा धरला, जातं फिरायला लागलं. पोरी माना डोलवायला लागल्या. जाऊबाईसुद्धा म्हणाल्या, "ग्वाड गातीया की."

आणि अक्का दारात आली. पिठाचे हात तसेच. ती मांडवाच्या कडेशी थांबली, क्षणभर ऐकलं, आणि माझ्यावर ओरडली.

"बंद कर ते. ती रडतीया."

मला आधी कळलंच नाही. "अगं लग्नाचं आहे."

"कसलं लगीन? श्वास बघ तिचा. बोलता बोलता आत वढतीया. कुनीतरी मेलंय तिचं."

मी टेपजवळ वाकून पुन्हा ऐकलं. आमच्याकडं बाया मयतावर हेल काढून रडतात. गेलेल्याचे गुण सांगत, सुरात. एक रडते, भोवतीच्या तिला साथ देतात. ओळ संपता संपता हुंदक्यानं श्वास आत ओढला जातो. लग्नाच्या गाण्यात श्वास तसा कधी तुटत नाही. कॅसेटीवरच्या बाईचा प्रत्येक ओळीला तसाच तुटत होता. मी किती वेळा ती कॅसेट ऐकली होती, दुकानात बायांना ऐकवली होती, कौतुक केलं होतं. बायांनो, मी माझ्या भाचीच्या हळदीला मयताचं रडणं लावलं होतं.

मी टेप बंद केली. जातं थांबलं. एक म्हातारी पुटपुटली, अपशकुन झाला. सगळ्यांनी जाऊबाईंकडं बघितलं, कारण अशा वेळी काय करायचं ते त्यांनाच ठाऊक असायचं. त्यांना पण सुचेना. अक्का वळून आत गेली. आणि लेक पाटावरून उठली. नवरीनं हळदीच्या पाटावरून उठायचं नसतं. कुणीतरी तिचा हात धरला, तिनं तो सोडवला आणि ती आईच्या मागं गेली. तिच्या मागं मी, आणि माझ्या मागं जाऊबाई.

अक्का चुलीपुढं बसली होती, जाळ सारत.

"आई, एकच ओवी म्हण," लेक म्हणाली. "मांडवात नगं येऊ. हितनंच म्हण."

अक्कानं मान वर केली नाही. जाळाकडं बघतच बोलली. "मी त्वांड उघडलं तर काय भायेर येईल मला ठावं न्हाई. तुझा बाप गेला तवा मी रडाया लागले, हेल काढून, जसं रडत्यात तसं. दोन वळी झाल्या असतील. तू बाजंखाली जाऊन बसलीस आन् किंचाळाया लागलीस. लई भ्याली व्हतीस. मंग समदी म्हनली, गप व्हय, प्वार भितंय. मी गप झाले. ते तसंच ऱ्हायलं. गानं म्हनाया गेलं की ते आधी वर येतंय."

मी तिथंच खाली बसले. इतकी वर्षं मी जगभरातली गाणी आणून तिच्यापुढं ओतत होते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या गळ्यात काय अडकलंय ते मला माहीत नव्हतं. जाऊबाईंकडं बघितलं तर त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली. गेलेला माणूस त्यांचा धाकटा दीर. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो कडेवर घेण्याएवढा होता. अक्काला गप हो म्हणणाऱ्यांत त्या सगळ्यांत पुढं होत्या, हे त्यांनी नंतर मला आपल्या तोंडानं सांगितलं.

लेक आईच्या अगदी जवळ जाऊन बसली. तिच्या अंगावर नवी साडी होती, चुलीची राख लागेल याचंसुद्धा तिला भान नव्हतं.

"आता मी न्हाई भीत," ती म्हणाली. "तू तुझं पुरं कर."

"आज? हळदीला?"

लेकीनं आईचे पिठाचे हात आपल्या मांडीवर घेतले आणि धरून ठेवले.

जाऊबाई पुढं झाल्या. मला वाटलं आता ह्या अडवणार, आणि मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांनी स्वैपाकघराचं दार ओढून घेतलं आणि त्या दाराबाहेर पाठ लावून उभ्या राहिल्या. मांडवातल्या बाया काय झालं म्हणून आल्या तेव्हा त्यांचा आवाज आत आम्हाला ऐकू येत होता. "आत जाऊ नगा. चूल पेटंना, धूर लई झालाय. बसा तिकडं, यिती ती." आणि आत अक्कानं रडायला सुरुवात केली. आधी आवाजच फुटेना. मग फुटला. बारीक, दबका, पण सुरात, गुण सांगत. तो डोक्यावरून भाताचा भारा कसा आणायचा, लेकीला खांद्यावर घेऊन धरणाचं पाणी दाखवायला कसा न्यायचा. मी ओळीच्या शेवटाला आवाज मिळवला. लेकीला ते येत नव्हतं, तरी तिनंही मिळवला. बाहेर कुणाला ऐकू गेलं नसेल असं नाही. पण धूर म्हटल्यावर सगळ्यांनी धूरच मानला. गावातल्या बाया अशा वेळी फार शहाण्या असतात.

ती थांबली तेव्हा मी तिला तांब्यातलं पाणी दिलं. तिनं तोंड धुतलं, लेकीच्या साडीवरचं पीठ झटकलं आणि तिला पाटावर जाऊन बस म्हणाली. जाऊबाईंनी दार उघडलं, त्या जात्याशी गेल्या, एकीला सरकवून तिच्या जागी बसल्या आणि त्यांनी खुंटा धरला. अक्का मांडवात आली नाही. उंबऱ्याच्या आत बसली. कुणी तिला या म्हटलं नाही आणि कुणी नको म्हटलं नाही. मग आतून तिचा आवाज आला, तेरा वर्षांनी. थोडा घोगरा झालेला, पण तोच.

दळा गं सयांनो, दळा हळद सावकाश,
बाप लेकीचा येतोया, लांबचा त्याचा प्रवास.

लेकीनं पाटावर डोळे मिटले. आणि सकाळपासून आवरा, आवरा म्हणून सगळ्यांच्या मागं लागलेल्या जाऊबाईंनी खुंट्यावरचा हात सैल केला. बाकीच्या चौघींनीही केला. जातं अगदी हळू फिरायला लागलं.